यलोस्टोनचं पाणी लांबूनच बघा

गरम पाण्याचं कुंड म्हटलं की मराठी माणसाला आधी अंघोळ आठवते. वज्रेश्वरी-गणेशपुरी असो, दापोलीकडचं उन्हवरे असो, मुंबई-गोवा महामार्गालगतचं तुरळ-राजवाडी असो, नाहीतर किनवटजवळचं उनकेश्वर. बांधीव कुंड, काठावर वाळत घातलेले पंचे, पाण्यात पाय सोडून गुडघे चोळत बसलेली वयस्कर मंडळी, हे चित्र सगळीकडे सारखंच. पाणी अंगाला सोसेल एवढं गरम असतं आणि त्यात उतरायचं म्हणूनच माणसं तिथे जातात.

अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कला निघताना ही सवय घरी ठेवावी लागते. गरम झरे, जमिनीतून आकाशात उसळणारे गीझर, वाफेची विवरं आणि उकळत्या चिखलाचे खड्डे मिळून तिथे दहा हजारांवर ठिकाणं आहेत. जगातल्या एकूण गीझरपैकी निम्म्याहून जास्त या एकाच उद्यानात आहेत. पण यातल्या एकाही कुंडात पाय सोडून बसायची सोय नाही, बोट बुडवायचीही परवानगी नाही. हे पाणी बघायचं, त्याच्या वेळेची वाट बघायची आणि त्याच्यापासून लांब राहायचं. एवढं मनाशी ठरवून गेलात, तर यलोस्टोनसारखी दुसरी जागा नाही.

हल्ली हा बेत बऱ्याच मराठी घरांत ठरतो. मुलं तिकडे नोकरीला, आईवडील उन्हाळ्यात तीन-चार महिने मुक्कामाला, आणि चार जुलैच्या सुट्टीला जोडून कुठेतरी जाऊ या असं निघतं. नायगारा झालेला असतो, ग्रँड कॅन्यन झालेलं असतं, मग यलोस्टोनचं नाव येतं. हा लेख अशा घरांसाठी आहे, आणि बेत आखताना मुलांनी आणि आईवडिलांनी तो मिळून वाचावा.

पहिला प्रश्न किती दिवस जायचं हा. उद्यान सुमारे नऊ हजार चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे आपल्या सांगली जिल्ह्याहून थोडं मोठं. बहुतेक भाग वायोमिंग राज्यात, थोडा मोंटाना आणि आयडाहोत. आतला मुख्य रस्ता इंग्रजी आठच्या आकड्यासारखा आहे आणि त्याची लांबी १४२ मैल, म्हणजे जवळपास २३० किलोमीटर. कागदावर हे अंतर पुणे-नाशिकपेक्षा फारसं जास्त दिसत नाही, म्हणून मुलं म्हणतात, एका दिवसात सगळं होईल. होत नाही. वेगमर्यादा ताशी ४५ मैल, बऱ्याच ठिकाणी त्याहून कमी. वाटेत बायसनांचा कळप रस्त्यावर आला की पाऊण तास गाडी जागची हलत नाही. पार्किंगसाठी थांबावं लागतं ते वेगळंच. आणि गीझर आपल्या वेळापत्रकाने उडत नाही. त्यामुळे तीन रात्री हा किमान मुक्काम धरा. चार मिळाल्या तर फारच चांगलं. एका दिवसाच्या बस सहलीत ओल्ड फेथफुल हा प्रसिद्ध गीझर बघून फोटो काढून परत येता येतं, पण एवढा खर्च आणि एवढा प्रवास करून तेवढंच बघायचं असेल तर जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुक्काम शक्यतो उद्यानाच्या आतच करावा. बाहेर वेस्ट यलोस्टोन किंवा गार्डिनर या गावांत हॉटेलं आहेत आणि काही वेळा ती सोयीची पडतात, पण रोज सकाळी आत यायचं आणि संध्याकाळी बाहेर जायचं यात दिवसाचे दोन-तीन तास सहज जातात. आतल्या लॉजचं आरक्षण सुमारे वर्षभर आधी सुरू होतं आणि उन्हाळ्यातल्या तारखा भराभर संपतात. रद्द झालेल्या खोल्या मधूनमधून पुन्हा उघडतात, म्हणून उशीर झाला असला तरी रोज एकदा बघत राहावं. ओल्ड फेथफुल इन ही १९०४ साली उघडलेली अखंड ओंडक्यांची इमारत रॉबर्ट रीमर या वास्तुरचनाकाराची. ती बघण्यासारखी आहेच, राहण्यासारखीही आहे. मात्र तिच्या सगळ्यात जुन्या भागातल्या काही खोल्यांना स्वतंत्र स्नानगृह नाही, बाहेरचं सामायिक वापरावं लागतं. रात्री दोन-तीनदा उठावं लागणाऱ्या वडिलांसाठी अशी खोली घेतली तर सहलीचा विचका होतो. आरक्षण करतानाच खोलीचं वर्णन नीट वाचा. खोल्यांत टीव्ही नसतो, इंटरनेट मंद असतं आणि उद्यानाच्या बऱ्याच भागात फोनला रेंज नसते. नॅशनल पार्क सर्व्हिसचं अॅप आधीच फोनवर घ्या आणि यलोस्टोनची माहिती त्यात उतरवून ठेवा, म्हणजे रेंज नसतानाही नकाशा दिसतो.

शुल्काचं प्रकरण आता बदललं आहे, आणि भारतातून येणाऱ्या आईवडिलांना ते थेट लागू होतं. एका खासगी गाडीला सात दिवसांसाठी ३५ डॉलर हा जुना दर. १ जानेवारी २०२६ पासून यलोस्टोनसह अकरा लोकप्रिय उद्यानांत, अमेरिकेत न राहणाऱ्या १६ वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येकाला या शुल्काखेरीज १०० डॉलर द्यावे लागतात. अमेरिकेत राहणाऱ्यांचा वार्षिक पास ८० डॉलरला मिळतो आणि बाहेरच्यांचा २५० डॉलरला. मुलाकडे रहिवाशाचा पास आहे म्हणून आईवडिलांचंही झालं असं गृहीत धरू नका. निघण्यापूर्वी नॅशनल पार्क सर्व्हिसच्या संकेतस्थळावर त्या दिवशीचा नियम वाचा, ओळखपत्रं आणि पासपोर्ट हाताशी ठेवा.

उद्यानाला पाच दरवाजे आहेत. उत्तरेला गार्डिनर, ईशान्येला कुक सिटीकडचा, पूर्वेला कोडीकडचा, दक्षिणेला ग्रँड टिटन उद्यानातून येणारा आणि पश्चिमेला वेस्ट यलोस्टोन. गाड्यांसाठी बाराही महिने उघडा असतो तो फक्त उत्तर ते ईशान्य हा रस्ता. बाकीचे एप्रिलच्या मध्यापासून मेपर्यंत टप्प्याटप्प्याने उघडतात आणि ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला बंद होतात. विमानाने येणार असाल तर बोझमन किंवा जॅक्सन जवळ. सॉल्ट लेक सिटीहून गाडीने पाच तास लागतात, पण तिथली विमानं बहुधा स्वस्त असतात. जुलै-ऑगस्टमध्ये तोबा गर्दी असते. वर्षाला चाळीस लाखांहून जास्त लोक इथे येतात आणि सगळ्यात जास्त याच दिवसांत. निवड तुमच्या हातात असेल तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा धरा. शाळा सुरू झालेल्या असतात, डास संपलेले असतात आणि एल्क हरणांच्या नरांचं शिट्टीसारखं ओरडणं उद्यानाच्या उत्तरेकडच्या मॅमथ या भागातल्या हिरवळीवर सकाळ-संध्याकाळ ऐकू येतं.

वयस्कर मंडळींसाठी उंची हा खरा मुद्दा आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. यलोस्टोनचे बरेचसे रस्ते २,००० मीटरच्या वर आहेत आणि डनरेव्हन खिंडीत रस्ता २,७०० मीटरवर जातो. पहिल्या दिवशी धाप लागते, डोकं जड होतं, झोप नीट लागत नाही. रक्तदाब किंवा हृदयाचं दुखणं असेल तर भारतातून निघण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोला. औषधं मोठ्या बॅगेत न टाकता पाठपिशवीत ठेवा, कारण इथे औषधाचं दुकान कोपऱ्यावर नसतं. पहिला दिवस चढ-उतार टाळा आणि तहान लागण्याची वाट न बघता पाणी पीत राहा. कपड्यांचं म्हणाल, तर जुलैतही पहाटे हवा शून्याच्या आसपास जाऊ शकते आणि दुपारी उकाड्याने जाकीट काढावंसं वाटतं. एक जाड कपडा नेण्यापेक्षा तीन पातळ न्या. साडी नेसणाऱ्या बायकांनी इथे सलवार किंवा पँट घालावी, फळ्यांच्या पायवाटेवर दव गोठलेलं असतं आणि पाय घसरतो. बुटांचे तळवे झिजलेले नसावेत.

खाण्याचं सोपं आहे, फक्त आधी विचार हवा. आत शाकाहारी जेवण मिळतं, पण ठराविक तेच ते, आणि जेवायला रांगा लावाव्या लागतात. दशम्या, धपाटे, कोरडी चटणी, भाजलेले दाणे, फळं असं बर्फपेटीत घालून घ्यावं. गाडी लावून बसायला लाकडी बाकं जागोजाग आहेत. जेवण झाल्यावर मात्र एक कणही बाहेर ठेवू नये. अस्वलाला माणसाच्या अन्नाची चटक लागली की ते माणसाच्या अंगावर येतं, आणि अशा अस्वलाला शेवटी मारावं लागतं. डबा, पिशवी, रिकामी बाटली, सगळं गाडीत ठेवून काचा बंद करायच्या. खारीला किंवा कावळ्याला घास टाकणंही इथे गुन्हा आहे.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. यलोस्टोन हा एक जिवंत ज्वालामुखी आहे. सुमारे ६ लाख ४० हजार वर्षांपूर्वी इथे प्रचंड उद्रेक झाला, जमीन खचली आणि सत्तर किलोमीटरच्या आसपास लांबीचं एक विस्तीर्ण खोलगट भांडं तयार झालं. लाव्हा शेवटचा वाहिला त्याला ७० हजार वर्षं झाली, पण खालची धग गेलेली नाही. पावसाचं आणि बर्फाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरतं, तापतं आणि वर येऊ पाहतं. वाट मोकळी असेल तर गरम झरा होतो. वाट मध्येच अरुंद असेल, तर वरच्या पाण्याच्या दाबाखाली खालचं पाणी उत्कलनबिंदूच्या पुढे तापत राहतं. मग वरून थोडंसं पाणी उसळून बाहेर पडतं, दाब कमी होतो, आणि खालचं पाणी एका क्षणात वाफ होऊन वरच्या पाण्याला आकाशात फेकतं. हा गीझर. पाणी कमी आणि वाफ जास्त असेल तर नुसतं फुसफुसणारं वाफेचं विवर, आणि आम्लाने खडक विरघळून त्यात मिसळला की बुडबुडणारा चिखल. पुन्हा उद्रेक होईल का, असं घरातलं कोणीतरी विचारणारच. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाची यलोस्टोन ज्वालामुखी वेधशाळा इथल्या जमिनीच्या प्रत्येक हालचालीवर नजर ठेवून असते. पर्यटकाने त्या भीतीने झोप घालवू नये.

भीती बाळगायची ती पायाखालच्या जमिनीची. गरम पाण्यातली सिलिका काठावर साचून पांढरट-राखाडी कवच तयार होतं. वरून ते दगडासारखं टणक दिसतं, पण कित्येक ठिकाणी ते तापलेल्या दुधावर धरलेल्या सायीइतकंच भरवशाचं असतं, आणि खाली उकळतं पाणी असतं. लाकडी फळ्यांची पायवाट बांधलेली आहे ती याच कारणाने. आतापर्यंत वीसहून जास्त माणसं या पाण्यात भाजून मेली आहेत. २०१६च्या जूनमध्ये नॉरिस भागात एक तरुण पायवाट सोडून आत गेला, कुंडात उतरता येईल का ते बघायला वाकला आणि घसरला. पाणी इतकं तप्त आणि आम्लयुक्त होतं की दुसऱ्या दिवशी बाहेर काढायला काहीही उरलेलं नव्हतं. १९८१ साली एक माणूस कुंडात पडलेल्या कुत्र्याला वाचवायला उडी मारून गेला, ते पाणी ९४ अंशांचं होतं. तोही वाचला नाही.  इथे उकळतं पाणी नेहमी खदखदत नाही, ही गोष्ट मुलांना आणि आजी-आजोबांना दोघांनाही सांगून ठेवा.

म्हणून पायवाटेवर लहान मुलाचा हात धरायचा, खांद्यावर बसवायचं नाही, पळापळी नाही. बऱ्याच ठिकाणी कठडा नसतो. सेल्फी काढताना मागे सरकायचं नाही. तांदळाची पुरचुंडी दोरीला बांधून कुंडात सोडायची हौस आपल्याकडे काही तीर्थांवर चालते, इथे तसं करणाऱ्यांवर खटले झाले आहेत. पायवाट सोडणाऱ्यांना दंड होतो, काहींना तुरुंगवासही झाला आहे. आणि नियम पाळूनही जमीन कधीतरी आपलं खरं रूप दाखवते. २३ जुलै २०२४ला बिस्किट बेसिनमध्ये ब्लॅक डायमंड पूलचा अचानक स्फोट झाला, दगड-चिखल उंच उडाला, फळ्या मोडल्या आणि लोक पळाले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. म्हणून एखादा भाग बंद असल्याची पाटी दिसली तर हुज्जत न घालता पुढे निघा.

अंघोळीचीच ओढ असेल तर उद्यानाबाहेर सोय आहे. गार्डिनरच्या उत्तरेला नैसर्गिक गरम पाणी तलावांत सोडून पैसे घेऊन पोहू देतात, त्याच रस्त्याने आणखी पुढे चिको हॉट स्प्रिंग्ज हे जुनं ठिकाण आहे. पूर्वी मॅमथजवळ बॉइलिंग रिव्हर म्हणून एक जागा होती, गरम झरा नदीच्या गार पाण्यात मिसळायचा आणि तिथे उतरता यायचं. जून २०२२च्या पुरानंतर ती बंद आहे. जुन्या लेखांत आणि व्हिडिओंत ती अजून सापडते, त्यावर विसंबून पोहण्याचे कपडे घेऊन जाऊ नका.

मिडवे गीझर बेसिनमधलं ग्रँड प्रिझ्मॅटिक स्प्रिंग हे अमेरिकेतलं सगळ्यात मोठं गरम पाण्याचं कुंड, रुंदी सुमारे शंभर मीटर. मध्ये गडद निळं, मग हिरवं, पिवळं, नारिंगी, तांबूस अशी वलयं. मधला भाग इतका कढत की तिथे रंग देणारे जिवाणू टिकत नाहीत, म्हणून खोल स्वच्छ पाण्याचा निळा. कडेकडेला पाणी निवत जातं तसे वेगवेगळ्या तापमानात जगणारे सूक्ष्मजीव थर धरतात, आणि ते रंग त्यांचे. इथे एक साधी चूक बहुतेक जण करतात. सकाळी सातला पोहोचतात, थंडीत सगळ्या कुंडावर वाफेचा पडदा असतो आणि काहीच दिसत नाही. हे कुंड ऊन चढल्यावर बघायचं, साधारण अकरा ते चार. त्या वेळी पार्किंग भरलेलं असतं, हे मान्य करून थांबायची तयारी ठेवायची. शिवाय पायवाटेवरून त्याची वलयं पूर्ण दिसत नाहीत. त्यासाठी जवळच्या फेअरी फॉल्सच्या वाटेने साधारण एक किलोमीटर चालून वरच्या सज्जावर जावं. शेवटी थोडा चढ आहे, सावकाश गेलं तर साठीतली माणसं आरामात जातात.

मिडवेला वारा फार असतो आणि टोप्या उडतात. नारिंगी थरावर दहा पावलांवर पडलेली एखादी टोपी हमखास दिसते, आणि थोडं निरखून बघितलं तर त्या थरावर जुन्या बुटांचे ठसेही दिसतात. ते ठसे बुजायला वर्षं लागतात. टोपीला हनुवटीखाली बंद लावा किंवा ओढणी डोक्याला बांधा. उडालीच तर रेंजरला सांगा, लांब चिमट्याने काढणं हे त्यांचं काम आहे. चष्मा आणि कॅमेऱ्याच्या काचेवर तुषार पडले तर लगेच पुसा. सिलिका वाळली की डाग जात नाहीत.

या जिवाणूंचे आपल्यावर थेट उपकार आहेत. १९६६ साली थॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांना इथल्या लोअर गीझर बेसिनमधल्या एका झऱ्यात थर्मस अॅक्वाटिकस हा जिवाणू सापडला. त्याचं विकर (एन्झाइम) उष्णतेत मोडत नाही. पुढे कॅरी मुलिस यांनी शोधलेल्या पीसीआर पद्धतीला हेच विकर लागलं आणि मुलिस यांना १९९३चं नोबेल मिळालं. कोरोनाच्या काळात नाकात काडी घालून जी आरटी-पीसीआर चाचणी आपण सगळ्यांनी केली, तिचं मूळ या पाण्यात आहे. नातवंडांना तिथे उभं राहून हे सांगा, ती विसरणार नाहीत.

नॉरिस हा उद्यानातला सगळ्यात तप्त भाग. इथे भोक पाडलं तेव्हा ३३२ मीटर खोलीवर २३७ अंश सेल्सिअस तापमान निघालं. जगातला सर्वांत उंच उडणारा चालू गीझर, स्टीमबोट, इथेच आहे. त्याचं पाणी ९० मीटरच्या वर जातं, पण कधी ते कोणी सांगू शकत नाही. त्याच्यासाठी दिवस घालवू नका. पोर्सिलेन बेसिनची छोटी फेरी मात्र चुकवू नका. झाड नाही, सावली नाही, पांढऱ्या-दुधी जमिनीवर सगळीकडून वाफ आणि कुजक्या अंड्यांचा वास. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी वाफेच्या लोटात थांबू नये. मॅमथला चुनखडीचे पायऱ्यापायऱ्यांचे कट्टे आहेत. पायवाटेला जिने खूप, गुडघे दुखत असतील तर वरच्या कट्ट्यांभोवती गाडीने फिरायचा छोटा रस्ता घ्यावा.

प्राण्यांबद्दल नियम दोनच. बायसन आणि एल्कपासून किमान २५ यार्ड, म्हणजे २३ मीटर. अस्वल आणि लांडग्यापासून १०० यार्ड. बायसन गायीसारखा शांत चरताना दिसतो आणि फसवतो. इतर कुठल्याही प्राण्यापेक्षा इथे जास्त माणसं त्याच्यामुळेच जखमी झाली आहेत, तो माणसाच्या तिप्पट वेगाने धावतो. शेपटी उभी केली की निघायचं. लांडगे १९९५ साली परत आणून सोडले, ते बघायचे तर पहाटे लामार खोऱ्यात जा आणि मोठ्या दुर्बिणी लावून उभे असलेल्या लोकांजवळ गाडी थांबवा. बहुतेक जण आनंदाने दुर्बिणीतून बघू देतात.

एक पूर्ण दिवस अप्पर गीझर बेसिनसाठी राखून ठेवा. यलोस्टोनला जाऊन कुठल्या एका गोष्टीवर वेळ खर्च करायचा असं कोणी विचारलं, तर माझं उत्तर हेच. ओल्ड फेथफुल साधारण दीड तासाने उडतो. आधीचा उडाला तो किती मिनिटं टिकला यावरून रेंजर पुढची वेळ सांगतात, दहा मिनिटं इकडेतिकडे. पाणी ३२ ते ५६ मीटर उंच जातं. बघणारे शेकडो असतात, पाणी खाली बसलं की पाच मिनिटांत सगळे पार्किंगकडे वळतात. तुम्ही वळू नका. व्हिजिटर सेंटरमध्ये ग्रँड, कॅसल, डेझी आणि रिव्हरसाइड या गीझरच्या वेळा लिहिलेल्या असतात. त्या बघून फायरहोल नदीच्या कडेने चालत सुटा. मुख्य वाट बरीचशी डांबरी आणि सपाट आहे, चाकाची खुर्चीही जाते.

ग्रँड गीझर ठराविक अंदाजाने उडणाऱ्यांत जगातला सर्वांत उंच, साठ मीटरपर्यंत. त्याच्यापुढे बाकं मांडलेली आहेत. तासभर आधी जाऊन बसा, पाणी आणि खाऊ बरोबर ठेवा. उथळ कुंडात पाणी हळूहळू वर येतं, काठावरून ओसंडू लागतं. शेजारी वही आणि छोटा रेडिओ घेऊन बसलेली काही माणसं दिसतील. वर्षानुवर्षं गीझरच्या वेळा टिपणारे हे हौशी निरीक्षक. त्यांना विचारा, ते समजावून सांगतात. पाण्यावर बारीक लाटा उठतात, वाटतं आता उडणार, आणि ते पुन्हा शांत होतं. असं दोन-तीनदाही होतं. मग शेजारचा टर्बन गीझर उसळतो आणि पाठोपाठ ग्रँड. नऊ-दहा मिनिटं झोतामागून झोत. थांबला असं वाटून लोक उठतात तेव्हा पुष्कळदा दुसरा झोत येतो, कधी पहिल्याहून उंच. म्हणून सगळे उठेपर्यंत बसून राहा. रिव्हरसाइडचं पाणी तिरकं नदीवर पडतं, आणि ऊन योग्य बाजूने असलं की त्यात इंद्रधनुष्य दिसतं.

त्याच वाटेच्या टोकाला मॉर्निंग ग्लोरी पूल आहे. निळ्या फुलासारखं दिसायचं म्हणून त्याला हे नाव मिळालं. लोकांनी त्यात वर्षानुवर्षं नाणी, दगड आणि कचरा टाकला. खालून गरम पाणी येण्याच्या वाटा तुंबल्या, पाणी निवलं आणि कडेचे पिवळे-नारिंगी जिवाणू आतपर्यंत सरकले. आज मध्ये हिरवट डोळा आणि भोवती पिवळं-नारिंगी असं ते दिसतं. अजूनही सुंदर आहे, पण तो मूळचा निळा गेला. नदी दिसली की गाडीच्या खिडकीतून नाणं टाकणारे आपण, पाण्याला काही अर्पण करावं हा आपला जुना भाव. यलोस्टोनच्या पाण्याला तो परवडत नाही. तिथे पोहोचण्याआधी सुट्टे पैसे गाडीतच काढून ठेवा, आणि बरोबरच्या लहानांच्या खिशातलेही.